गव्हाणीच्या रांगेतली बॅटरी

नोव्हेंबर उजाडला की बारामती, भिगवण, इंदापूर पट्ट्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांचे फोन पहाटेच वाजायला लागतात. तक्रार ठरलेली: रात्री गाडी चांगली होती, आता सेल्फ घेईना. तक्रारीसोबत निदानही तयार असतं. थंडीनं बॅटरी बसली. मग नवी बॅटरी बसते, जुनी भंगाराच्या भावात जमा होते आणि बऱ्याचदा महिन्याभरात तीच गाडी त्याच तक्रारीसह पुन्हा दुकानापुढं उभी राहते.

या भागात ही तक्रार इतकी ऐकू येते, याचं कारण ऊस. माळेगाव आणि सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो: दोन तालुक्यांत एवढे कारखाने, आणि हंगामात ते रात्रंदिवस चालतात. उसाची ने-आण करणारे ट्रक आणि ट्रॅक्टर नेमके थंडीच्या चार महिन्यांत राबतात आणि नेमके रात्री-पहाटे उघड्यावर उभे असतात. साखर आणि गाडी यांचं इथलं नातं जुनं आहे. साखर कारखान्याभोवती वसलेल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली.

थंडीवरचा आरोप आधी तपासून घेऊ. नीरेच्या कालव्याखालच्या बागायतीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो. अंगावर कांबळ घेऊन शेकोटीशी बसलेल्या ड्रायव्हरला ही थंडी बोचते, पण बॅटरीच्या हिशेबात ती किरकोळ आहे. शिसं आणि सौम्य गंधकाम्ल यांच्या ज्या रासायनिक क्रियेवर बॅटरी चालते, ती गारठ्यात मंदावते. सत्तावीस अंशांना बॅटरीची ताकद शंभर धरली, तर दहा अंशांना ती ऐंशीच्या घरात येते. शून्य अंशाला पासष्टच्या आसपास आणि उणे अठराला चाळीसच्या आसपास. लडाखमध्ये ट्रक चालवणाऱ्याला थंडीला दोष देण्याचा हक्क आहे. बारामतीत वीस टक्केच कमी होतात, आणि धडधाकट बॅटरीत तेवढी शिल्लक कंपनीनं ठेवलेलीच असते.

दुसऱ्या बाजूनं इंजिन जड होतं. ट्रकमध्ये सर्रास वापरलं जाणारं १५डब्ल्यू-४० ऑइल चाळीस अंशांना जितकं पातळ असतं, त्याच्या पाच-सहापट दाट ते दहा अंशांना होतं. त्या ऑइलमधून क्रँक फिरवायचा म्हणजे सेल्फला जास्त करंट ओढावा लागतो. डिझेल इंजिनाची गोची अशी की त्याला ठिणगी नसते. पिस्टननं हवा इतकी दाबायची की ती तापून फवारलेलं डिझेल पेटवेल. इंजिन जोमानं फिरलं तर दाबलेल्या हवेची उष्णता आतच राहते. कुंथत फिरलं तर तीच उष्णता सिलिंडरच्या गार भिंतींत मुरते, थोडी हवा रिंगांतून निसटते आणि डिझेलचा नुसता पांढरा धूर सायलेन्सरमधून बाहेर पडतो. म्हणून डिझेलच्या गाडीत ‘फिरतंय तर खरं, पण पेटत नाही’ ही तक्रारसुद्धा पुष्कळदा बॅटरीपाशीच जाते. डिझेल गोठलं, ही पहाटेची दुसरी आवडती शंका. भारतीय मानकानुसार हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा गोठणबिंदू तीन अंशांच्या वर असता कामा नये. बारामतीची पहाट सहसा त्याच्या बरीच वर असते, त्यामुळे ही शंका सोडून द्यायला हरकत नाही.

म्हणजे थंडीत मागणी वाढते आणि पुरवठा थोडा घटतो, एवढंच. ज्या बॅटरीत दम आहे ती हे सोसते. जिचा दम आधीच गेलेला असतो, ती पहिल्या गार पहाटे उघडी पडते. मग दम गेला कधी?

एप्रिल-मे महिन्यांत. बॅटरीचा खरा वैरी उन्हाळा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा. चाळीस अंशांच्या पुढच्या दुपारी इंदापूरच्या माळावर उभ्या ट्रकची बॅटरीपेटी त्याहून कितीतरी तापते. पाणी उडतं, धन प्लेटांची जाळी गंजून फुगते, प्लेटांवरचा लेप झडून तळाला साचतो. आणि उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण इंजिन गरम, ऑइल पातळ, अर्ध्या ताकदीची बॅटरीसुद्धा गाडी चालू करते. त्यात उसाच्या गाडीचं वेगळं दुखणं असं, की हंगाम संपला की ती पावसाळाभर उभी राहते. बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत जाते, उन्हाळी हवेत जास्तच. त्यात गाडीला जीपीएसचा डबा लावलेला असेल तर तो चोवीस तास थोडा थोडा करंट पितो. शंभर मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण महिन्याला ते बहात्तर अँपिअर-अवर भरतात. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक पांढरे खडे धरतात. ते एकदा घट्ट बसले की चार्जरलाही विरघळत नाहीत. ऑक्टोबरात गाडी धुऊन, रंगवून, हार घालून हंगामाला निघते तेव्हा तिची बॅटरी निम्मी गेलेली असू शकते.

आता रांगेकडे येऊ. कारखान्याच्या यार्डात भरलेली गाडी नंबर लागेपर्यंत ताटकळते. मग वजनकाटा, मग गव्हाणीकडे, म्हणजे ऊस उतरवायच्या जागेकडे, सरकणं. ड्रायव्हर लोकांचा समज असा, की या सरकण्यात दर पाच-दहा मिनिटांनी सेल्फ मारावा लागतो म्हणून बॅटरी उतरते. हिशेब काही वेगळंच सांगतो. सेल्फ चारशे अँपिअर ओढतो असं धरलं आणि गाडी तीन सेकंदांत चालू झाली, तर खर्च झाला एक तृतीयांश अँपिअर-अवर. रात्रीत वीस वेळा सेल्फ मारला तरी सगळे मिळून सात. आणि प्रत्येक वेळी इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालतं, त्यात अल्टरनेटर (ज्याला आपल्याकडे अजूनही डायनामो म्हणतात) त्यातलं पुष्कळसं भरून देतो. याउलट टेप आणि त्याचा अँप्लिफायर सहा अँपिअर घेत असेल, तर आठ तासांच्या रांगेत अठ्ठेचाळीस गेले. १३० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून हे एक तृतीयांशाहून अधिक. वर केबिनमधला दिवा, मोबाइलचं चार्जिंग, मागचे पार्किंग लाइट. सेल्फ घाव मोठा घालतो पण क्षणभर, टेप रात्रभर कुरतडतो. उसाच्या ट्रॅक्टरांवरचे स्पीकर ज्यांनी ऐकलेत, त्यांना सहा अँपिअरचा हा आकडा फारच सौम्य वाटेल.

आणि टेपची वायर कुठं जोडली आहे, हे तर त्याहून महत्त्वाचं. ट्रॅक्टर आणि छोट्या गाड्या बारा व्होल्टच्या. मोठ्या ट्रकला बहुधा चोवीस व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या. टेप मात्र बाजारात बारा व्होल्टचा मिळतो. मग सोपा उपाय केला जातो: दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवरून एक वायर काढायची आणि टेप एकाच बॅटरीवर चालवायचा. टेप झकास वाजतो. पण आता चासीकडची बॅटरी रोज उतरते आणि दुसरी भरलेलीच राहते. अल्टरनेटरला यातलं काही दिसत नाही. त्याला दोघींची बेरीज दिसते, आणि दोघींतून तो एकच करंट ढकलतो. बेरीज अठ्ठावीसच्या थोडी वर गेली की तो हात आखडता घेतो. त्या अठ्ठावीसमधले पंधरा भरलेल्या बॅटरीवर आणि जेमतेम तेरा उतरलेल्या बॅटरीवर पडतात. जिला गरज नाही ती उकळते, तिचं पाणी आटतं. जिला गरज आहे ती कधीच पूर्ण भरत नाही, तिच्यावर सल्फेट धरतं. एका जुवाखाली एक बैल उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण, अशी ती जोडी होते. दुकानात गेल्यावर मेलेली तेवढी बदलली जाते, मधली वायर तशीच राहते, आणि नव्या बॅटरीचं तेच होतं. पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं परत येणाऱ्या गाड्यांत ही वायर हमखास शोधावी. उपाय स्वस्त आहे: चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवून टेप दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून चालवायचा.

म्हणून ट्रकची बॅटरी तपासताना मल्टिमीटर दोन टोकांना लावून एकूण आकडा वाचण्यात अर्थ नसतो. समजा, आकडा आला २४.७. बरा वाटतो. पण वेगवेगळं मोजलं तर एक १२.७५ आणि दुसरी ११.९५ असू शकते, म्हणजे एक काठोकाठ भरलेली आणि दुसरी जवळपास रिकामी. बारा व्होल्टच्या बॅटरीचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. आतले सहा सेल प्रत्येकी २.१ व्होल्टचे, म्हणून भरलेली १२.६ ते १२.७. बारा पूर्णांक चार म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. मीटरवर बारा दिसले की ‘बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवते, मग ठीकच आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अट एकच, गाडी नुकतीच बंद केलेली असेल तर आकडा फुगलेला येतो. हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून, बंद करून, थोडं थांबून मग मोजावं.

भरलेली आहे म्हणजे दमदार आहे, असं मात्र नाही. खरी परीक्षा भाराखाली. एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं प्रत्येक बॅटरीवर मीटर धरायचं. इंजिन फिरत असताना कोणतीही बॅटरी ९.६ च्या खाली जाता कामा नये. एक दहा-साडेदहावर टिकली आणि दुसरी सातवर कोसळली, तर आणखी पुरावा लागत नाही. पहाटे मोजलेलं उत्तम, कारण दुपारी तीच बॅटरी पास होईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दगा देईल.

बुचं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर मीटरपेक्षा जास्त सांगतो. अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी आपल्या उष्ण हवेसाठी भरलेल्या बॅटरीत पूर्ण चार्जला साधारण १.२४० ते १.२६० असते, थंड देशांत १.२८० पर्यंत ठेवतात. मेकॅनिक तिला बाराशे चाळीस, बाराशे साठ असंच म्हणतात. आकड्यापेक्षा सहा सेलांमधला फरक पाहावा. पाच सेल १२४० आणि एक ११८० असेल तर तो सेल गेला. तीस पॉइंटांच्या पुढं फरक गेला की संशय, पन्नासच्या पुढं निकाल. एक बारकावा मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: गारठ्यात अ‍ॅसिड दाट होतं, त्यामुळे हायड्रोमीटर खोटं चांगलं बोलतो. दर दहा अंशांना सात पॉइंट. पहाटे दहा अंशांना १२३२ दिसले तर सत्तावीस अंशांच्या हिशेबानं ते १२२०च. दुरुस्ती न करता वाचणारा उतरलेल्या बॅटरीला पास करून मोकळा होतो. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि बिडी-काडी लांब हवी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो स्फोट करून झाकणासकट अ‍ॅसिड उडवू शकतो.

मीटर नसेल तेव्हा कान आणि हेडलाइट आहेत. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे विझल्यासारखे झाले आणि सेल्फनं नुसतं टकटकटक केलं, तर बॅटरी उतरलेली किंवा लग (केबलच्या टोकाचे जोड) ढिले. दिवे लख्ख राहिले आणि एकदाच ‘टक’ वाजलं, तर करंट सेल्फच्या मोटरपर्यंत पोचत नाही. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन पाहावेत. सेल्फ मोकळाच गरगरला आणि इंजिन हललंच नाही, तर सेल्फला इंजिनाशी जोडणाऱ्या बेंडिक्सचा दोष. आणि दिवे मध्यम मंद होऊन इंजिन कुंथत फिरलं, तर तीन संशयित उरतात: दमलेली बॅटरी, जॅम होऊ लागलेला सेल्फ, आणि सगळ्यांत दुर्लक्षित, अर्थिंग.

अर्थिंगचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. चारशे अँपिअर वाहत असताना वाटेत एका ओहमच्या दोनशेव्या भागाइतका अडथळा आला, तर दोन व्होल्ट तिथंच गळतात. एवढा अडथळा घरच्या साध्या मल्टिमीटरवर ओहममध्ये दिसतसुद्धा नाही, वायर ‘कंटिन्युइटी’ला पास होते. पण दोन व्होल्ट गुणिले चारशे अँपिअर म्हणजे आठशे वॉट, एवढी उष्णता एका लगमध्ये. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर गाडी बंद करून, किल्ली काढून, प्रत्येक लग आणि बोल्ट हातानं चाचपावा. जो चटका देतो तो चोर. मीटरनं पकडायचं तर एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर (लगवर नव्हे, शिशाच्या खुंटावर) आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावं. पाव व्होल्टाच्या आत आकडा आला तर अर्थ चांगला. एक व्होल्ट दाखवला तर नवी बॅटरी आणून काही उपयोग नाही. उसाच्या गाड्यांत याचं एक खास कारण सापडतं. हंगामाआधी चासीला रंग मारला जातो आणि अर्थची पट्टी त्या ताज्या रंगावरच आवळली जाते. वरून बोल्ट घट्ट, खाली रंगाचा थर. पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासला आणि वर ग्रीस लावलं की काम होतं. लगावरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, बुचं बंद ठेवून.

पहाटेच्या घाईत लोक जे उपाय करतात, त्यांतले दोन महाग पडतात. पहिला, किल्ली सोडायचीच नाही. सेल्फची मोटर सलग दहा-पंधरा सेकंदांसाठीच असते. मग तिला मिनिटभर गार होऊ द्यावं लागतं. न सोडता मारत राहिलं की आर्मेचर जळतं आणि बॅटरीच्या खर्चात सेल्फचा खर्च मिळतो. दुसरा, शेजारच्या ट्रॅक्टरवरून केबल ओढणं. बाराच्या ट्रॅक्टरवरून चोवीसच्या ट्रकला थेट जम्प देता येत नाही. चोवीसच्या गाडीवरून द्यायचा तर शेवटचं ऋण टोक बॅटरीपासून दूर चासीला लावावं, म्हणजे ठिणगी हायड्रोजनपाशी पडत नाही. जुन्या गाड्यांना उतारावर लावून धक्का देण्याची युक्ती चालायची, कारण त्यांच्या पंपाला विजेची फारशी पर्वा नव्हती. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकांत डिझेल कधी आणि किती फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. व्होल्टेज पडलं की तोच गडबडतो, मग इंजिन फिरतं पण इंजेक्टर उघडत नाही, आणि माणूस एअर काढत बसतो. अशा गाडीत बॅटरीचा आकडा घेतल्याशिवाय डिझेल लाइनला पाना लावू नये.

नवी बॅटरी घ्यायचीच वेळ आली, तर जोडी एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची आणि एकाच वेळची घ्यावी. नवी आणि जुनी एकत्र बांधली की जुनी नवीला स्वतःच्या वयाला ओढते. पैशाची अडचण असेल तर गाड्यांमध्ये अदलाबदल करून दोन जुन्या एकत्र आणि दोन नव्या एकत्र कराव्यात. वाहतूकदाराकडे चार-सहा गाड्या असतील तर हे सहज जमतं.

आणि कारखान्याचा बॉयलर थंड झाल्यावर, पावसाळ्यात गाडी गोठ्याच्या कडेला लावताना, ऋण लग काढून ठेवावा. पाणी पातळीवर आणावं, डिस्टिल्ड वॉटरनं, विहिरीच्या नाही. नीरेकाठच्या खारवट पाण्यातले क्षार प्लेटांना मानवत नाहीत. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावी. ऑक्टोबरात लग जोडण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांचे बाराही सेल हायड्रोमीटरनं मोजून आकडे आणि तारीख खडूनं पेटीच्या झाकणावर आतून लिहावी. डिसेंबरात पहाटे गाडी अडली की तेच सेल पुन्हा मोजायचे. कोणता घसरला ते झाकण उघडताच कळतं.